कंपनीबरोबर की आपले आपण?

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच मध्यमवर्गीय घरांतून एक वाद सुरू होतो. सुट्टीत कुठे जायचे, ह्याचा निकाल त्या मानाने लवकर लागतो. खरी जुंपते ती पुढेच. यात्रा कंपनीबरोबर जायचे की आपले आपण? एक पक्ष म्हणतो, पैसे एकदा मोजले की डोक्याला ताप नाही; चहासुद्धा हातात येतो. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत दोन सहली होतील. घरोघरी ह्या पक्षांचे पुढारीही ठरलेले असतात. आमच्या घरी पहिल्या पक्षाचे पुढारीपण ह्यांच्याकडे आहे. दुसऱ्याचे, घरखर्चाची वही माझ्या ताब्यात असल्यामुळे, अर्थातच माझ्याकडे.

हा वाद आजकालचा नव्हे. आमच्या पंढरीच्या दिंड्या म्हणजे तरी काय? मुक्काम कुठे, पंगत कुठे, चालायचे किती, सारे आधी ठरलेले. वारकऱ्याने भिशी भरावी आणि पताकेमागे चालू लागावे. क्षेत्राच्या गावी गेले की तीर्थोपाध्ये वही घेऊन हजर. पणजोबा कधी येऊन गेले तेही तेच सांगणार. गाइड हा शब्द आपल्याकडे नंतर आला, माणूस फार पूर्वीपासून होता. उलट बाजूचे उदाहरण हवे असेल तर वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७च्या सुमारास दक्षिणा मिळवावी म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. कंपनीबरोबर गेले असते तर सुखरूप आले असते, पण मग मला शिकवायला ते पुस्तक मिळाले नसते, असे मी वर्गात म्हणते आणि मुले हसतात.

विनोद राहू द्या. ह्या प्रश्नाकडे मी गेली काही वर्षे जरा हिशेबीपणाने पाहते आहे. सहल म्हणून आपण जे एक रकमी पैसे भरतो, त्यात खरे तर तीन वेगवेगळ्या गोष्टींची किंमत असते: नेणारी गाडी, निजायला छप्पर आणि माहिती सांगणारा माणूस. वाण्याच्या दुकानात साखर, तेल आणि हिंगाची डबी ह्यांची एकच पुडी बांधून कोणी दिली तर आपण घेणार नाही. प्रवासात मात्र निमूटपणे घेतो. ह्या तिन्हींतले आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, हे पाहून जे नाही तेवढेच विकत घ्यावे, असा माझा पक्ष. एवढ्यावर हे म्हणाले, “बोलायला सोपे आहे. अजिंठा-वेरूळ करून दाखव.” ते आम्ही गेल्या नाताळच्या सुट्टीत केले, आणि तेच आज सांगायचे आहे.

अजिंठाच का, तर सासूबाईंसाठी. त्यांच्या खोलीत कपाटाच्या बाजूला चाळीस वर्षे एक कॅलेंडर आहे. साल केव्हाच फाटून गेले, चित्र राहिले: हातात कमळ धरून खाली पाहणारा पद्मपाणी. पूर्वी, गुडघे धड असताना, त्या एका सहलीबरोबर अजिंठ्याला जाऊनही आल्या होत्या. आल्यावर “कसे होते?” असे विचारले तर म्हणाल्या, “काळोख होता.” झाले होते असे की, बस दोनशे किलोमीटरची जाऊन-येऊन फेरी करणारी, पोचायला अकरा वाजून गेलेले, म्होरक्याच्या हातात शिट्टी. पहिल्या लेण्यात त्या शिरल्या, पुढच्या पाठी दिसल्या, कोणी तरी बॅटरी भिंतीवर फिरवली, आणि शिट्टी झाली. त्यांनी तक्रार कधी केली नाही. पण आता शहात्तर वर्षे पूर्ण झाली आहेत, आणि पुन्हा जायचे तर हीच वेळ, हे न बोलता सगळ्यांना कळत होते.

काळोख होता, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि सगळ्या वादाचे मूळ मला तिथेच दिसते. चित्रांची लेणी मुळातच अंधारी. रंग उडू नयेत म्हणून आतला दिवा मंद ठेवलेला. त्यात १९२० ते १९२२ च्या दरम्यान, निजामाच्या राजवटीत, चित्रे टिकावीत ह्या चांगल्या हेतूने इटालियन तज्ज्ञांनी जो लेप दिला, तो पुढे पिवळा पडून काळवंडला. बाहेरच्या रखरखीत उन्हातून आपण एकदम आत येतो. डोळ्याला अंधार सरावायला चांगली दहा मिनिटे लागतात, पूर्ण सरावायला त्याहूनही जास्त. आणि सहलीच्या वेळापत्रकात एका लेण्याच्या वाट्याला येतात तीही दहाच मिनिटे! म्हणजे चित्र दिसू लागायचे त्या क्षणी माणूस बाहेर पडलेला असतो. म्होरक्याला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस माणसे, त्यांची जेवणे आणि संध्याकाळचा परतीचा रस्ता त्याच्या डोक्यावर असतो. पण अजिंठ्यात विकत घ्यायची वस्तू वेळ ही आहे, आणि कंपनीच्या पुडीत नेमकी तीच नसते.

तेव्हा आधी गाडीचा विचार. बहुतेक सहली छत्रपती संभाजीनगरहून (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) निघतात. तिथून अजिंठा शंभर किलोमीटर. आमच्यासारख्या मुंबईकडच्या माणसाला हा द्राविडी प्राणायाम आहे. कारण जळगाव स्टेशनावरून लेणी साठेक किलोमीटरवरच आहेत. रात्री कल्याणला गाडीत बसावे, जळगावला उतरावे, अजिंठा करून मग तसेच पुढे संभाजीनगरला जावे. गेलेला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. एसटीचे म्हणाल तर २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास फुकट. आम्ही पाच माणसे तीन तिकिटांत गेलो. पुरे तिकीट होते ते फक्त ह्यांना आणि चिरंजीवांना. ह्यांनी ते कंडक्टरसमोर दोनदा बोलून दाखवले. लेण्यांच्या दारात मात्र पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, आणि आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव वडिलांच्या कानाला लागलेले असल्यामुळे आधार कार्ड खिशात घेऊनच हिंडत होते.

एक सूचना इथेच देते. संभाजीनगरहून एसटीने येणाऱ्याने ‘अजिंठा’ अशी पाटी पाहून उतरू नये. ते गाव घाटाच्या वर आहे. लेण्यांसाठी घाट उतरून फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरायचे, आणि तिथून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांसाठी ठेवलेल्या बसनेच जायचे. खाजगी गाड्या तिथेच थांबतात. आणि दुसरी: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. कंपनीवाले हे सांभाळतात. आपले आपण जाणाऱ्याने कॅलेंडर पाहिले नाही तर बंद दार पाहून परतावे लागते.

छपराच्या बाबतीत मी थोडे जास्त पैसे मोजले. संभाजीनगरला न राहता फर्दापूरला एक रात्र काढली. ह्यांना ते पटले नव्हते. आडगावात काय करायचे, असे त्यांचे म्हणणे. करायचे काहीच नव्हते. आठ वाजता जेवून निजलो. पण लेणी नऊला उघडतात, आणि शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या बसगाड्या अकराच्या आधी क्वचितच पोचतात. मधले दोन तास म्हणजे अजिंठ्यातला सर्वांत मोलाचा माल आहे, आणि तो फर्दापूरच्या एका रात्रीच्या भाड्यात मिळतो.

सकाळी पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते. सासूबाईंनी आधी साफ नकार दिला. माणसांच्या खांद्यावर बसून बुद्धाला भेटायला जायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी त्यातलाच एक डोलीवाला म्हणाला, “आजी, तुम्ही चालत गेलात तर आम्ही दुपारी खायचं काय?” मग बसल्या.

आता राहिला तिसरा भाग, माहिती सांगणारा माणूस. इथे मात्र मी काटकसर करू दिली नाही. हे म्हणाले, आता स्वस्तातच आलो आहोत तर गाइडही नको, मोबाइलवर सगळे मिळते. मिळते, पण मोबाइलचा उजेड डोळ्यांत गेला की सरावलेला अंधार पुन्हा मोडतो. शिवाय अधिकृत गाइडचे दर माणशी नसतात, गटाचे असतात. पाच जणांनाही तेच, त्याहून थोडे अधिक असले तर थोडे अधिक. नागपूरचे एक कुटुंब तिकिटाच्या खिडकीपाशी ह्याच विचारात घुटमळत होते. दोन्ही घरांनी मिळून एक गाइड केला. निवडला कसा? दोघांशी बोललो. पहिल्याने विचारले, “किती माणसे?” दुसऱ्याने विचारले, “वेळ किती आहे?” दुसरा घेतला.

माणूस पन्नाशीचा, आवाज हळू. पहिल्या लेण्यात शिरताच त्याने आम्हांला चित्रांकडे पाहूच दिले नाही. चपला काढून आत आलो, तसे त्याने एका खांबापाशी नेले. तिथे चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. कुठल्याही हरणाकडे पाहा, ते डोके त्याचेच वाटते. मुले त्यात रमली. मग गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर नेऊन त्याने दिवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा समोरून धरला. दर खेपेस चेहऱ्यावरचा भाव बदलतो. ही इथल्या गाइडांची ठेवणीतली जादू आहे, हे मला ठाऊक होते; तरी बघायला बरे वाटले. हे सगळे होईतो दहा-बारा मिनिटे गेली होती, आणि त्याचा डाव माझ्या ध्यानात आला. तो आमचे डोळे तयार करीत होता.

“आता वळा,” तो म्हणाला.

सासूबाई जमिनीवरच बसल्या होत्या. पद्मपाणी डाव्या हाताला. आधी मुकुट दिसला, मग कललेली मान, मग कमळ धरलेली बोटे, आणि अगदी शेवटी ती अर्धवट मिटलेली दृष्टी. कोणी बोलले नाही. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, “अगं, माझ्या चित्रात ही सावळी मुलगी नव्हती.” खरेच नव्हती. पद्मपाणीच्या शेजारी एक सावळी राजस्त्री उभी आहे, भोवती माकडे आहेत, मोर आहेत. कॅलेंडरवाल्याने चौकटीत बसावे म्हणून सगळे कापून टाकले होते. चाळीस वर्षे त्या एका माणसाकडे पाहत होत्या, आणि तो एकटा नव्हताच.

लेण्यात एका वेळी ठराविक माणसांनाच सोडतात, त्यामुळे पहारेकऱ्याने थोड्या वेळाने बाहेर जायला सांगितले. आम्ही गेलो. सासूबाई दारातल्या ओसरीवर बसल्या, आणि पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा आत गेल्या. आम्ही पुढे दोन नंबरच्या लेण्यात गेलो तेव्हाही त्या तिथेच होत्या. कंपनीच्या बसमध्ये ह्याला ‘एका माणसासाठी सगळ्यांचा खोळंबा’ म्हणतात.

गाइडचे पैसे खरे वसूल झाले ते सोळा नंबरच्या लेण्यात. तिथे एका विव्हळ स्त्रीचे चित्र आहे. इंग्रजांच्या काळापासून त्याला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणत आले. आमच्या गाइडने तसे सांगितले नाही. त्याने आधी तो मुकुट दाखवला, जो एक सेवक हातात घेऊन आला आहे. आणि मग गोष्ट सांगितली. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद ह्याला दीक्षा दिली गेली, त्याने उतरवलेला मुकुट घरी आला, आणि तो पाहून त्याची बायको सुंदरी कोसळली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंदा’तली ही कथा मी विद्यार्थिदशेत वाचलेली, पण भिंतीवर मी एकटी उभी राहिले असते तर मला एक आजारी बाई दिसली असती, आणखी काही नाही. ह्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणणे बरोबर नाही, ओल्या गिलाव्यावर नव्हे तर सुकलेल्या मातीच्या लेपावर ती काढलेली आहेत, आणि निळा रंग ज्या दगडाचा आहे तो अफगाणिस्तानातून आलेला, हेही त्यानेच सांगितले. चिरंजीवांना त्याने दहा नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ ह्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८१९ साली शिकारीला आला असताना खांबावर खरडलेले नाव दाखवले. ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरू नये असे आम्ही मुलांना शिकवतो. दोनशे वर्षे टिकले की तेही प्रेक्षणीय होते!

साडेअकराला पहिल्या लेण्यासमोर रांग लागली होती आणि शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या होत्या. आम्ही तोवर सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या, सातेक मीटर लांबीच्या त्या निजलेल्या मूर्तीपाशी पोचलो होतो.

आपले आपण जाण्यात सगळे गोडच असते असे मी म्हणणार नाही. दुपारी फाट्यावर संभाजीनगरच्या एसटीची वाट पाहत आम्ही तासाहून अधिक वेळ उन्हात होतो. आलेली पहिली गाडी भरलेली, दुसरीत सासूबाईंना जागा मिळाली, आम्हांला घाट संपेपर्यंत नाही. थंड बाटल्या वाटीत एक आरामगाडी पुढून गेली, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. न बोलण्याचेही प्रकार असतात.

वेरूळला मात्र गाइड केला नाही. कारण तिथे दगड आहे, उजेड आहे, आणि गोष्ट माझ्यापाशी होती. शहरापासून तीस किलोमीटर. एसटी सारख्या असतात. सहलीवाले एकाच दिवसात दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकतात. त्यामुळे चौतीस लेण्यांपैकी कैलास आणि आसपासची दोन-तीन पदरात पडतात. आम्ही दौलताबाद सोडूनच दिले. शहात्तराव्या वर्षी देवगिरीची चढण नको, आणि त्या अंधाऱ्या वाटेत तर मुळीच नको. सकाळी घरच्यासारखे सावकाश निघालो. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत, तेव्हा ऊन आत शिरते ते दुपारनंतरच.

कैलासाच्या अंगणात मी मुलांना कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तली गोष्ट सांगितली. राजा आजारातून उठला म्हणून राणी माणिकावतीला देऊळ बांधायचे होते, आणि शिखर दिसेपर्यंत तिचा उपास होता. सगळे कारागीर म्हणाले, महिने लागतील. कोकस नावाचा कारागीर म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि त्याने देऊळ वरून खाली कोरायला घेतले. इतिहासकार हे काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या, म्हणजे आठव्या शतकातल्या, नावावर मांडतात. पण डोंगर वरून खाली खोदला ही गोष्टीतली मुख्य बाब खरीच आहे. कन्येने लगेच विचारले, “मग राणी आठवडाभर उपाशी?” सासूबाई म्हणाल्या, “उपासाचे खात असेल.” शेजारच्या घोळक्यातला एक गाइड आमचे ऐकत थांबला होता, त्याने माणिकावतीचे नाव पुन्हा विचारून घेतले.

सासूबाई आणि हे कैलासाच्या सावलीत बसले, आणि मी मुलांना घेऊन उत्तरेच्या टोकाच्या जैन लेण्यांकडे चालत गेले. सहलीची माणसे तिथवर फारशी येत नाहीत. वेळच उरत नाही. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. उतरते ऊन पडले होते. आंब्याचे फळन् फळ मोजता येईल असे. मुलांनी मोजायला घेतले आणि दोघांचे आकडे जमेनात, त्यात परतीची एसटी जवळजवळ चुकली.

घरी आल्यावर वही मांडली. गाडीत वाचले ते बरेचसे फर्दापूरच्या खोलीत, डोलीत आणि गाइडात गेले. तरी कंपनीच्या आकड्यापेक्षा पुष्कळच खाली राहिलो. ह्यांनी बेरीज तपासून पाहिली, बरोबर आहे म्हणाले, आणि फाट्यावरच्या एका तासाची किंमत कुठल्या रकान्यात धरली आहेस, असे विचारले. तो रकाना मी अजून आखलेला नाही.

सासूबाईंनी मात्र आठवड्याभरात जाहीर केले की काशीला जायचे ते कंपनीबरोबरच. मी थक्क झाले. “आई, अहो, इतके सगळे पाहून पुन्हा कंपनी?” तर म्हणाल्या, “काशीत मला बघायचे नाही गं, न्हायचे आहे. दोन डुबक्यांना कितीसा वेळ लागतो?” त्यांनी आगाऊ रक्कम भरलीसुद्धा. येत्या जानेवारीतली तारीख मिळाली आहे. बरोबर मराठी स्वयंपाकी असतो, ह्याची फोन करून दोनदा खात्री करून घेतली. आणि सोबतीला, सहलीचे सगळे पैसे भरून, हे जाणार आहेत.